निव्वळ

तीन गाड्या बघून झाल्या होत्या.
इंदिरानगरातली लाल, बॉनेटभर स्टिकर;
मालक सांगत राहिला किती पळते,
थांबते कुठे विचारलं तर हसला.
सिन्नर फाट्यावरची मी बसायच्या आधीच
खिशातल्या चुंबकाने नापास केली.
दारावर ठेवलं, घसरलं, टप्पकन खाली.
रंगाखाली बोटभर लांबी भरलेली.
तिसरीबद्दल बोलायला नको.

चौथी जेलरोडला, कोठावद्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
दोन सीटा, फायबरचं अंग,
कॅनव्हासचं छत दोन ठिकाणी टाचलेलं,
उंची माझ्या कमरेच्या जरा वर.
इथे चुंबक कुठेच धरेना.
"धरणार नाही," ते म्हणाले, "पोटाखाली लावा.
लोखंड आहे ते तिथे, आणि गंजही तिथेच."
आणि फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून दिला.

ते नोटप्रेसमध्ये छत्तीस वर्षं तपासणीला,
मी सातपूरला गेज-रूममध्ये एकोणीस.
दोघांच्या डोळ्यांना एकच खोड:
चांगलं आधी दिसत नाही.

डाव्या अंगाला, पुढच्या चाकामागे, वेल्डिंगचा सांधा.
मी तोंड उघडायच्या आत वरून आवाज आला,
"सापुताऱ्याचं वळण. दोन हजार अकरा. चूक माझी."
मग वही. शिसपेन्सिलीचं बारीक अक्षर,
तारीख, किलोमीटर, काय तुटलं, कोणी जोडलं.
शेवटच्या पानावर एकच शब्द: गुडघे.
"बसता येतं अजून. उठायला
शेजाऱ्याच्या पोराला हाक मारावी लागते."

द्वारकेहून अकील मिस्त्री आला,
इंजिनाशी कान नेऊन बराच वेळ गप्प.
"मॅडम, आवाज साफ आहे. पण एवढ्या ताकदीत
ट्रॅकवर सगळे पुढे जातील तुमच्या."
सरळ पट्ट्यावर जाऊ देत, मी म्हटलं.
वळण येईलच की.

नांदूर नाक्याला वजनकाटा आहे.
पुढे द्राक्षांच्या क्रेटची पिकअप, मागे खडीचा डंपर,
मध्ये आम्ही, त्याच्या चाकापेक्षा थोडे उंच.
खिडकीतला पोरगा वाकून म्हणाला,
"माल काय?"
काही नाही.
"मग काटा कशाला?"
गाडी जड आहे का बघायचंय.
त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.
"दोन वजनं लागतात, ताई. एक भरलेलं, एक रिकामं.
त्याशिवाय पावती निघत नाही."
तर मी आत बसून राहिले, हेल्मेट मांडीवर,
मग उतरून पिवळ्या रेघेबाहेर उभी राहिले.
डंपरवाला हॉर्न मारत होता.

भरलेले: सातशे ऐंशी.
रिकामे: सातशे दहा.
निव्वळ: सत्तर.
मालाच्या रकान्यात पोराने आडवी रेघ ओढली होती.
चाळीस रुपये दिले,
पावती घडी करून मायक्रोमीटरच्या डबीत ठेवली.

पैसे मोजताना कोठावद्यांनी एक नोट
सवयीने उजेडात धरली.
"माफ करा, निकुंभ मॅडम," म्हणाले, आणि पुढची धरली.
टोपलीतून गाडीची झाकणी आणून दिली,
उन्हाने विरलेली, कोपऱ्यांना नाडी नव्याने शिवलेली.
दारापर्यंत आले नाहीत.

मी गंगापूर रोडने घरी निघाले.
प्रत्येक गतिरोधक तिरका घ्यायचा,
आधी एक चाक, मग दुसरं,
उंबऱ्यावरचं माप चुकवावं तसं हळू;
तरी सोमेश्वरपाशी पोट घासलंच.
शाळेच्या बसमधली पोरं वरून टकलात बघावं
तशी माझ्या मांडीत बघत होती.
फेब्रुवारीत धुळ्याकडच्या एका जुन्या धावपट्टीवर
ट्रॅकचा दिवस आहे. याच गाडीने जायचं,
याच गाडीने यायचं. शेजारच्या सीटवर
दोन जादा टायर बसतात, तिसरा बसत नाही,
हे त्याच रात्री पार्किंगमध्ये बघून घेतलं.

साडेदहाला फोन.
"झोपला नाहीत ना? एक राहिलंच.
थंडीत सकाळी सकाळी दुसरा गिअर कुरकुरतो.
पहिली पाच मिनिटं. सांगायला हवं होतं.
त्याचे वेगळे कमी करून घ्या."

वही गाडीतच होती. खाली गेले,
गुडघ्यांच्या खाली लिहिलं, तारीख टाकून,
पेन्सिलीने.